मापाची दोरी

माघ वद्य तृतीयेला सराफ बाजारातून चालत गेलात, तर सोनारांच्या पेढ्यांवर एक तसबीर हार घालून ठेवलेली हमखास दिसते. विटेवर उभा असलेला विठोबा, आणि त्याच्या समोर डोळ्यांवर घट्ट पट्टी बांधलेला एक माणूस. दोन्ही हातांनी तो देवाची कंबर चाचपतो आहे. शेजारी उदबत्ती, पेढ्यांचे ताट, आणि त्या दिवसापुरता मुद्दाम उजळून ठेवलेला जुना पितळी तराजू. आईचे बोट धरून आलेले पोर त्या तसबिरीकडे बोट दाखवून विचारते, की या आंधळ्या माणसाला देव कसा दिसतो? दुकानदार हसून सांगतो, की ते आंधळे नव्हेत, ते आमचे नरहरी महाराज.

नरहरी सोनारांची गोष्ट ऐकली नाही असा मराठी माणूस विरळा. कीर्तनात, भजनात, शाळेच्या पुस्तकात, कुठे ना कुठे ती आपल्या कानावरून गेलेली असते. हरी आणि हर एकच आहेत, हा त्या गोष्टीचा इत्यर्थ आपण लहानपणीच पाठ केलेला असतो. तो खराच आहे आणि त्यात कमी-जास्त करण्याचा अधिकार माझ्यासारख्याला नाही. पण आयुष्याची उमेदीची वर्षे बँकेच्या काउंटरच्या आत बसून काढलेल्या माणसाला त्याच गोष्टीत आणखी एक गोष्ट ऐकू येते. ती आहे एका तक्रारीची. मागणीप्रमाणे घडवून दिलेला माल मापात बसला नाही म्हणून परत आला, दुरुस्त करून दिला, तर पुन्हा परत आला. गिऱ्हाईक दारात उभे आहे, वैतागलेले आहे आणि कारागीर आपल्या जागी शंभर टक्के बरोबर आहे. आता काय करायचे? सातशे वर्षांपूर्वी पंढरपुरातल्या एका सोनाराने जे केले, त्यातून त्याचे पुढचे सारे आयुष्य बदलून गेले.

ते पंढरपूर आजच्याइतके गजबजलेले नसेल, पण अगदी लहानही नव्हते. देवगिरीच्या यादवांचा अंमल होता. विठ्ठल मंदिरात 'चौऱ्याऐंशीचा शिलालेख' म्हणून जो दगड प्रसिद्ध आहे, त्यावर १२७३ ते १२७७ या काळात देवाला देणग्या देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. भाविक लोक त्या दगडाला पाठ घासतात, चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो म्हणतात. बँकेतल्या माणसाला मात्र ती पहिल्यांदा जमाखात्याची वही वाटते. राजा रामदेवराव आणि त्याचा करणाधिप हेमाद्री यांच्यापासून साध्या भाविकांपर्यंत अनेकांची नोंद तिथे आहे. देवाला काही द्यावे, बोललेला नवस फेडावा, आणि ते चारचौघांत व्हावे, अशी रीत तेव्हाही होती. आणि जिथे नवस आहेत तिथे सोनार आलाच. कुणाला डोळे वाहायचे, कुणाला छत्र, कुणाला पाळणा, कुणाला करगोटा. पंढरपूरच्या सोनाराचा अर्धा धंदा देवाच्या नावावरच चालत असणार.

अशा गावात नरहरी सोनार राहत होते आणि त्यांनी विठ्ठलाचे तोंड पाहिलेले नव्हते. घराणे शिवभक्तांचे. गावातल्या मल्लिकार्जुनाची पूजाअर्चा नित्याची. शिवावाचून दुसरे दैवत पाहायचे नाही, हा त्यांचा नेम. परंपरा तर असे सांगते, की विठ्ठल मंदिराचा कळसदेखील नजरेस पडू नये म्हणून ते मान खाली घालून रस्त्याने जात. आज आपल्याला ही गोष्ट हटवादीपणाची वाटते. पण सोलापूरच्या माणसाला ती समजायला जड जाऊ नये. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी या भूमीत अडुसष्ट लिंगे स्थापन केली. तळ्याच्या मध्ये त्यांचे मंदिर उभे आहे आणि संक्रांतीला नंदीध्वजांची मिरवणूक निघते तेव्हा सारे शहर रस्त्यावर येते. तेच शहर आषाढात पंढरीच्या दिंड्यांना भाकरी बांधून देते. दोन्ही गोष्टी एकाच घरात सुखाने नांदताना आपण पाहतो, त्यामुळे कधीकाळी त्यांच्यामध्ये भिंत होती याचा आपल्याला विसर पडला आहे. नरहरींच्या काळी ती भिंत होती आणि ते तिच्या एका बाजूला पाय रोवून उभे होते. त्यात लबाडी नव्हती. निष्ठा होती, आणि निष्ठेबरोबर थोडा ताठाही येतो, तेवढा होता.

याच पंढरपुराच्या महाद्वारात त्याच काळात चोखोबा उभे होते. त्यांना विठ्ठलाचे मुख पाहायचे होते आणि त्यांना कुणी आत जाऊ देत नव्हते. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना १३३८ साली भिंत कोसळून त्यांचा अंत झाला. त्यांची समाधी आजही मंदिराच्या पायरीपाशी, दाराच्या बाहेरच आहे. ज्यांच्यासाठी ते दार बंद होते त्यांना ते उघडायला १९४७ साल उजाडावे लागले आणि त्यासाठी साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. एकाला पाहायचे होते आणि दार बंद होते. दुसऱ्याला दार उघडे होते आणि त्याने डोळे मिटून घेतले होते. नियतीचा हा हिशेब मला नेहमी अस्वस्थ करतो.

तर अशा या नरहरींकडे एक सावकार आला. गावचा नव्हे, परगावचा. त्याला मूलबाळ नव्हते. विठ्ठलाला नवस बोलला होता, की मुलगा झाला तर सोन्याचा करगोटा घालीन. मुलगा झाला. सावकार आनंदाने पंढरपुरी आला आणि चौकशी करू लागला, की इथला सर्वांत चांगला सोनार कोण? लोकांनी नाव सांगितले ते नरहरींचे. इथे क्षणभर थांबावेसे वाटते. देवाचा दागिना घडवायचा आहे, आणि त्या देवाचे तोंडही न पाहणाऱ्या माणसाचे नाव गावाने सुचवावे! त्याच्या हाताची आणि त्याच्या सचोटीची केवढी ही पावती. आपल्या देवाला न मानणाऱ्या सोनाराकडे आपले सोने निर्धास्त द्यावे, एवढा त्या गावाचा त्याच्यावर विश्वास होता.

सावकाराने सोने पुढे ठेवले. नरहरींनी काम घ्यायला नकार दिला नाही. दुसऱ्याच्या देवाचे काम आहे म्हणून टाळले नाही, की मजुरी वाढवून मागितली नाही. एवढेच म्हणाले, की मी देवळात येणार नाही, माप तुम्ही आणून द्या, त्या मापाबरहुकूम करगोटा करून देतो. सावकाराला त्यात वावगे वाटले नाही. तो गेला, देवाच्या कमरेभोवती दोरी फिरवली, गाठ मारली आणि ती दोरी आणून दिली. झाला व्यवहार.

माझ्या मते पुढच्या साऱ्या घोटाळ्याचे मूळ या पहिल्या करारातच आहे. माप घेणारा एक आणि घडवणारा दुसरा. जुन्या सोनारांशी बसून बोलाल तर ते सांगतील, की दोरीचे माप हे अर्धे माप. दोरी ओढली की वाढते, ओली झाली की आखडते. घेणारा दोरीखाली नकळत एक बोट ठेवतो. मूर्तीला पीतांबर नेसवलेला असतो. माप वस्त्रावरून घेतले की आतून, सकाळच्या पोशाखावरून की रात्रीच्या, हे दोरीला बोलता येत नाही. त्यातून हा देव असा, की दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा. नेमके जिथे माप घ्यायचे तिथेच हात. शिवाय सोन्याला जाडी असते. कमरेभोवती दोरी जेवढी भरली तेवढ्याच लांबीची पट्टी वळवली, तर ती आतून कमी भरते. पट्टीची जेवढी जाडी, तिच्या साधारण तिप्पट लांबी जास्त धरावी लागते, हे चांगल्या कारागिराच्या हाताला आपोआप ठाऊक असते. पण हातालाही आधी वस्तू कळावी लागते. नरहरींच्या हाताला ती कमर ठाऊक नव्हती. ठाऊक होती ती फक्त दोरी.

करगोटा तयार झाला. काम उत्तमच झाले असणार. सावकाराने तो वाजतगाजत नेला असेल, पूजेचे ताट सजवले असेल, बायको आणि नवसाचे लेकरू बरोबर असेल. आणि ऐन वेळी करगोटा बसेना. कुठल्या कथेत तो आधी तोकडा पडतो, कुठल्या कथेत आधी सैल होतो. सांगणारा बदलतो तसा क्रम बदलतो. महिपतीबुवा ताहराबादकरांनी १७६२ साली 'भक्तविजय' पुरा केला. त्यात त्यांनी ही कथा रंगवून सांगितली आणि तिथून ती घराघरांत गेली. क्रम कोणताही असो, सावकाराची त्या घटकेची अवस्था सगळीकडे सारखीच आहे. नवस हा देवाशी केलेला करार. मुलगा पदरात पडला आहे आणि आपण द्यायची वस्तू देवाच्या अंगाला लागत नाही. त्याच्या मनात काय काय आले असेल! देवाला आपली सेवा मान्य नाही की काय? लेकराला काही अपाय तर होणार नाही? बाजारातल्या गिऱ्हाइकाची तक्रार कधीच नुसत्या वस्तूची नसते. वस्तूच्या पाठीमागे लग्न असते, बारसे असते, कुणाला दिलेला शब्द असतो. मोडतो तो शब्द, आणि राग निघतो तो वस्तूवर.

सावकार परत आला. नरहरींनी करगोटा हातात घेतला, दोरी काढली, दोरीशी ताडून पाहिला. बरोबर भरला. इथे कोणाही कारागिराला मोह होतो तो हे म्हणण्याचा, की तुमचे माप चुकले, माझे काम चोख आहे. ते म्हणणे खोटेही ठरले नसते. दोरी पुराव्याला होती. पण नरहरींनी वाद घातल्याचे कुठल्याही कथेत नाही. त्यांनी नवीन माप मागवले, करगोटा पुन्हा भट्टीपाशी घेतला आणि दुरुस्त करून दिला. जादा मजुरीचा उल्लेख कुठे नाही. आणि तो दुसऱ्यांदाही बसला नाही.

माझ्या नोकरीतला एक प्रसंग इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. एका तालुक्याच्या गावी, बँकेच्या शाखेत, सोनेतारण कर्जाचे टेबल माझ्याकडे होते. शेतकऱ्याच्या घरातल्या पाटल्या, बोरमाळा, पुतळ्या पेरणीच्या दिवसांत आमच्या तिजोरीत येत आणि सुगी झाली की परत जात. एकदा एक म्हातारी आपल्या पाटल्या सोडवायला आली. पैसे भरले, पुडके उघडले, पाटल्या हातात चढवू लागली आणि थांबली. म्हणाली, या माझ्या नव्हेत, माझ्या हातात सरकन जायच्या. मी रजिस्टर उघडले. वजन, नग, खूण, मूल्यांकन करणाऱ्या सोनाराची सही, सारे तिच्यापुढे ठेवले. काट्यावर पाटल्या टाकून दाखवल्या. गुंजेचाही फरक नव्हता. मी सप्रमाण बरोबर होतो आणि ती कोपऱ्यातल्या बाकावर बसून रडत होती. तेवढ्यात आमचे मूल्यांकन करणारे वृद्ध सोनार आले. त्यांनी रजिस्टरकडे पाहिलेही नाही. म्हातारीचा हात हातात घेतला, पाटली बोटांनी फिरवून पाहिली आणि सांगितले, की पुडके कशाखाली तरी दाबले गेले आहे, गोलाई गेली आहे. लाकडी गोल ठोकळ्यावर बसवून चार हलके ठोके दिले. पाटली सरकन मनगटात गेली. वजन तेच, सोने तेच, मालकीणही तीच. मी सगळे कागद तपासले होते, फक्त तिचा हात पाहिला नव्हता. त्या दिवशी घरी जाताना मला नरहरी सोनार आठवले आणि त्यांच्या गोष्टीतला दुसऱ्यांदा परत आलेला करगोटा पहिल्यांदा नीट कळला.

एकदा परत आलेली वस्तू दुरुस्त करता येते. पण तोच माल त्याच कारणाने दुसऱ्यांदा परत आला, की दोष वस्तूत राहत नाही, तो आपल्या पद्धतीत असतो. हे ज्या कारागिराला समजते तो तिसऱ्यांदा तीच दोरी मागत नाही. नरहरींनाही ते समजले. सावकार विनवत होता, की आपण स्वतः चला, स्वतःच्या हाताने माप घ्या. आता त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. सोने परत करून मोकळे व्हायचे, आपला नेम शाबूत ठेवायचा. किंवा दिलेला शब्द पुरा करायचा आणि ज्या उंबऱ्याकडे जन्मात पाहिले नाही तो ओलांडायचा. एका बाजूला धर्म आणि दुसऱ्या बाजूला धंदा, असे कुणी म्हणेल. मला वाटते दोन्ही बाजूंना धर्मच होता. घेतलेले काम पुरे करून देणे हाही सोनाराचा धर्म आहे.

त्यांनी मधली वाट काढली. देवळात येईन, पण डोळे बांधून येईन. माप हातांनी घेईन, पाहणार मात्र नाही. लोक हसले असतील. भर पेठेतून एक नामांकित सोनार डोळ्यांवर पट्टी बांधून, दुसऱ्याचा हात धरून चालला आहे, हे दृश्य पंढरपूरने मिटक्या मारीत पाहिले असेल. ज्याची मान कधी वर झाली नाही, त्याने आज सगळ्यांसमोर हसे करून घेतले, ते कुणासाठी? परगावच्या एका गिऱ्हाइकासाठी. त्या पट्टीत हट्ट होता हे खरे, पण पायांनी हट्ट सोडला होता. माणूस पुष्कळदा असाच बदलतो. पाय आधी निघतात, डोळे मागाहून उघडतात.

पुढची गोष्ट आपल्या सर्वांना ठाऊक आहे. विठोबाच्या पायाला हात लावून दर्शन घेण्याची रीत पंढरपुरात आहे. तिथे देव दुरून पाहायचा नसतो, स्पर्शाने भेटायचा असतो. नरहरींना तो आधी स्पर्शानेच भेटला. त्यांनी हात पुढे केले. कमरेला चाचपले तर व्याघ्रांबर लागले. वर हात नेला तर गळ्यात नाग, डोईला जटा, पाच मुखे, दहा हात. हा तर आपलाच शंकर! घाईघाईने पट्टी सोडली. पाहतात तो विटेवर कटी कर ठेवून उभा असलेला विठ्ठल. पुन्हा डोळे बांधले, पुन्हा शंकर. पुन्हा सोडले, पुन्हा विठ्ठल. ज्याला आयुष्यभर टाळले तो आणि ज्याला आयुष्यभर भजले तो, हे दोन नव्हतेच. वारकरी मंडळी सांगतात, की विठोबाने मस्तकावर शिवलिंग धारण केलेले आहे. नरहरी पंढरपुरात राहूनही ते पाहू शकले नव्हते, कारण ते पाहण्यासाठी मान वर करावी लागते.

चमत्कार झाला की नाही, या वादात मला शिरायचे नाही. ज्याची त्याची श्रद्धा. पण कारागिराच्या अंगाने एक गोष्ट सांगतो. सोनाराचा सर्वांत शहाणा अवयव डोळा नव्हे, बोट आहे. पट्टीची जाडी, कडीची घट्टाई, डाख नीट बसला की नाही, हे त्याला बोटांच्या टोकांनी कळते. नरहरींच्या डोळ्यांनी जो भेद धरून ठेवला होता तो त्यांच्या बोटांनी मानला नाही. ज्या हातांवर त्यांचा जन्मभर विश्वास होता, त्याच हातांनी त्यांना सांगितले, की तू समजतोस तसे हे नाही. दुसऱ्या कुणी सांगितले असते तर त्यांनी ऐकले नसते.

करगोटा मग बसला. तो कसा बसला याला कथेत एखाद्याच ओळीची जागा मिळते. मला मात्र ते फार मोलाचे वाटते. साक्षात्कार झाला म्हणून काम अर्धवट टाकून ते भजनाला उठून गेले नाहीत. माप घेतले, करगोटा पुरा केला, सावकाराचा नवस फिटला. नंतर नरहरी वारकऱ्यांत मिसळले. नामदेव, गोरोबा, सावतोबा, चोखोबा, सेना महाराज, जनाबाई या मेळ्यातले ते एक झाले. त्यांच्या नावावर अभंगांची संख्या फार नाही, पण त्यातला एक अभंग महाराष्ट्र विसरलेला नाही. त्यात त्यांनी आपले सारे दुकानच देवापुढे मांडले आहे. बागेसरी म्हणजे सोनाराची शेगडी, मूस, फुंकणी, हातोडा, कातर, तराजू, एकही हत्यार बाहेर ठेवलेले नाही. सोनार म्हणजे सोने चोरणारा, हा जो आळ सारे जग या जातीवर घेते, तोही त्यांनी हसत हसत स्वतःवर घेतला आहे. मात्र चोरलेले सोने निराळे, ते देवाच्या नावाचे. गिऱ्हाइकाचा संशय काय असतो हे ज्याने दुकानात बसून सोसले आहे त्यालाच असा विनोद सुचतो. धंदा सोडून त्यांना संत व्हावे लागले नाही. ते सोनार राहिले, फक्त मालक बदलला.

या संतमंडळींत प्रत्येकाच्या हाताला काही ना काही काम होते, आणि म्हणून प्रत्येकाच्या दारात गिऱ्हाईक होते. तेरच्या गोरा कुंभारांनी मडकी पारखण्याच्या थापटण्याने संतांची डोकी पारखली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले, ही कथा प्रसिद्धच आहे. नामदेव रुसले, रागावले, विठ्ठलाकडे गाऱ्हाणे घेऊन गेले. पण अखेर विसोबा खेचरांकडे जाऊन भाजून पक्के होऊन आले. माल कच्चा आहे हे ऐकून घेणे नामदेवांसारख्यालाही सोपे गेले नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या अरणच्या सावता माळ्यांना मळ्यातच विठ्ठल दिसला, त्यांना पंढरीला जावे लागले नाही. नरहरींना तो पंढरीत राहून दिसत नव्हता. त्यांना त्याच्यापर्यंत नेले ते एका असमाधानी गिऱ्हाइकाने.

आज ही गोष्ट पुन्हा सांगावीशी वाटते याला एक कारण आहे. गेल्या काही वर्षांत आपल्या घरांतून एक नवीनच बाजार उभा राहिला आहे. कुणाची सून मोत्यांच्या नथी ओवते, कुणाची लेक खणाच्या कापडाचे झबले शिवते, कुणी गोधड्या करते, कुणी देवाचे वस्त्रालंकार. मोबाईलवर फोटो टाकायचा, मागणी घ्यायची, हवे तसे घडवून पुण्या-मुंबईला, परदेशालासुद्धा पाठवायचे. फार चांगली गोष्ट आहे. पण माप आणणारा तिकडे आणि घडवणारा इकडे, ही नरहरींची पहिली अडचण त्यात जशीच्या तशी आहे. फोटोतला रंग हातात आल्यावर निराळा दिसतो, सांगितलेले माप अंगाला लागत नाही, आणि मग रात्री अकरा वाजता फोनवर रागाचा मजकूर येतो. ज्या मुलीने चार रात्री जागून ती वस्तू केली तिचे डोळे भरून येतात. माझ्याच नात्यातली एक मुलगी असा मजकूर वाचून दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिने फोन उचलला, समोरच्या बाईंशी बोलली, तेव्हा कळले की तो पोशाख त्यांच्या पहिल्या नातवाच्या बारशाचा होता. मुलीने तो परत मागवला आणि या वेळी फोनवर बोलता बोलता, बाईंना टेप कुठे धरायची ते सांगत, स्वतः माप लिहून घेतले.

ग्राहकाच्या बाजूने कायदे झाले हे उत्तमच झाले. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली तेव्हा ग्राहकाला हक्क असतात हेच लोकांना नवे होते. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला, २०१९ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली, आणि ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांनी तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी व महिन्याच्या आत तिचे निवारण करावे, असा नियम २०२० साली झाला. सोन्याला २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला. तो सोन्याचा कस सांगतो. पण करगोटा कमरेला बसला की नाही, हे कोणताही शिक्का सांगत नाही. त्यासाठी कुणाला तरी उठून जावे लागते. गिऱ्हाईक नेहमीच बरोबर असते असे मी म्हणणार नाही; काउंटरच्या आत बसलेला कुणीच तसे म्हणणार नाही. सावकाराची दोरी चुकलीच होती. पण त्याचे दुःख खरे होते, आणि नरहरी उठले ते त्या दुःखासाठी.

त्या सावकाराचे नाव काय होते? मी लहानपणी कीर्तनकारबुवांना विचारले होते. ते म्हणाले, सावकार म्हणजे सावकार. कथेने त्याला नाव दिलेले नाही. तो आला, नवस फेडला आणि आपले लेकरू घेऊन गावी निघून गेला. आपल्यामुळे काय घडले हे त्याला कळलेही नसेल. सैल करगोटा देवाला तसाच अडकवून, सोनाराला मनातल्या मनात शिव्या देत तो गुपचूप निघून गेला असता, तर पंढरपूरला एक उत्तम सोनार तेवढा राहिला असता, आणि तोही आज कुणाच्या आठवणीत नसता. तो परत आला, दोनदा आला, हे त्याचे आपल्यावरचे उपकार आहेत.

परंपरा मानते, की शके १२३५ च्या माघ वद्य तृतीयेला, म्हणजे १३१४ च्या आरंभी, नरहरी सोनारांनी देह ठेवला. पंढरपुरात त्यांची समाधी आहे. पुढच्या वेळी जाल तेव्हा तिथे क्षणभर थांबा. आणि येत्या माघात सराफ बाजारातून जाताना ती तसबीर दिसली, तर देवाच्या कमरेवर टेकलेले ते दोन हात नीट पाहा. तसबिरीच्या चौकटीबाहेर, कडेला, हातात तोकडा पडलेला करगोटा घेऊन एक माणूस अजून उभा असेल. आपल्यापैकी प्रत्येकाच्या दारात तो कधी ना कधी येतोच.